आंबोऱ्याची मरळ आणि नावेच्या बुडाची भोकं

इंदोरा, नागपूर
मे १९७६, भर दुपार

आदरणीय दादा यांस,

धाकट्या बळीरामचा सविनय जय भीम. शामलावहिनींना माझा आणि प्रेमिलाचा जय भीम सांगावा. आम्ही सगळे इकडे उन्हासकट खुशाल आहोत. तिकडे तुम्ही, वहिनी, तुमची पाठदुखी आणि वहिनींची तुळशीची कुंडी ही सगळी ठीक असतील असं धरून चालतो. पाठीला मोहरीचं तेल लावत असाल. लावत नसाल तर लावावं, आणि लावून थांबलं नसेल तर थांबवावं, कारण मला त्यातलं काही कळत नाही.

पत्राला इतके महिने का लागले ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही माहीत आहे, तेव्हा त्यात शाई घालवत नाही. माय गेल्यावर तुम्ही बापूजींना मोठ्या मानानं भिलाईला नेलंत, ते एका सकाळी फिरायला म्हणून निघाले आणि कोणाला न सांगता गाडी धरून नागपूरला परत आले, आणि मग तुम्ही त्यांना शोधत आमच्या दारापर्यंत येऊन, "आमच्या घरचं पाणी बापूजींना गोड लागत नसेल तर आम्हीही इथं येत नाही" असं म्हणून, प्रेमिलानं पुढं केलेला तांब्याही न घेता परत गेलात, त्याबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही. (वर जेवढी अक्षरं झाली तेवढी सोडून द्यावी.) शिवाय या पत्रात मागणं काही नाही हेही आधीच सांगून ठेवतो, कारण माझं पत्र आलं की वहिनी पहिल्यांदा शेवट वाचतात अशी माझ्याकडे पक्की खबर आहे.

आता मुख्य गोष्ट. यंदाचं ऊन तुम्ही पाहिलेलं नाही. दुकानासमोरचा डांबरी रस्ता दुपारी पायाला धरून ठेवतो, चप्पल मागं राहते आणि माणूस पुढं जातो. सावलीत उभी केलेली सायकल कोणी हात न लावता फुस्स होते. धंद्याला हे फार चांगलं आहे, पण अशा उन्हात घरातलं म्हातारं माणूस जेवेनासं झालं की धंद्याकडे लक्ष लागत नाही. बापूजी दोन घासांवर आले होते. प्रेमिलानं आंबील केली, पन्हं केलं, आंब्याचा रस काढला, ते ताटाकडे असं पाहायचे की जणू ते दुसऱ्या कोणाचं आहे. डॉक्टरांनी छाती ठोकून पाहिली, डोळे पाहिले, आणि सांगितलं की दुखणं काही नाही, खाण्याची इच्छा नाही. इच्छेची गोळी त्यांच्याकडे नव्हती. आणि मग एका दुपारी भिंतीकडे तोंड करून पडल्या पडल्या बापूजी म्हणाले, "आंबोऱ्याची मरळ असती त पाहिलं असतं."

मी उठलो तो थेट बाजारात. चांगली हातभर मरळ आणली, टोपलीत उड्या मारणारी. बापूजींनी कोपरावर उठून तिच्याकडे एक नजर टाकली, "तलावातली आहे," म्हणाले आणि पुन्हा भिंतीकडे वळले. ती आम्ही खाल्ली आणि ती तलावातलीच होती हे मला नंतर कोळणीकडून कळलं. (बापूजींना चष्म्याशिवाय माझा चेहरा ओळखू येत नाही, पण मासळीचं गाव ओळखता येतं, यावर काय बोलावं.) तेव्हा आंबोऱ्याला जाणं आलं, आणि मरळ जिवंत आणणं आलं. मायची रीत तुम्हाला आठवत असेल. मरळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत जिवंत आली पाहिजे. ती कल्ल्याजवळ बोट दाबायची, शेपूट हललं तर आत, नाही तर आणणाऱ्यासकट बाहेर. मरळीच्या बाबतीत बापूजींनी ती रीत अजून सोडलेली नाही.

बसनं कुहीपर्यंत आणि तिथून एकाच्या सायकलवर मागं बसून मी आंबोऱ्याला पोचलो. (सायकल वाटेत पंक्चर झाली. मी काढून दिली.) वैनगंगा पार आटून गेली आहे, वाळूच वाळू, पण डोहात पाणी आहे आणि डोहात लहानू ढिवराची नाव आहे. लहानू म्हणजे बापूजींच्या जुन्या दोस्ताचा पोरगा, आता त्याच्याच मिशा पिकल्या. बोलण्यात असा की त्याच्या जाळ्यातून सुटलेला प्रत्येक मासा त्यानं स्वतः सोडून दिलेला असतो. त्यानं मला आधी मासळी दाखवली नाही, आधी नाव दाखवली. आणि दादा, मी खोटं सांगत नाही, मी तोंड उघडं ठेवून पाहत राहिलो.

त्या नावेच्या पोटात एक हौद आहे. मधोमध दोन आडव्या फळ्या ठोकून, सांधे डांबरानं लिंपून केलेला. त्यात गुडघाभर पाणी, आणि त्या पाण्यात सकाळी धरलेली मासळी, रोहू, कतला, एक दाढीवाला शिंगाळा, आणि तळाशी काळीशार, जाड दोरखंडासारखी पडून राहिलेली मरळ, सगळी जिवंत, सगळी डोहात असल्यासारखी निवांत. वर ओली पोती, पोत्यांवर जांभळाच्या फांद्या. बाहेर वाळूवर पाय ठेवला तर फोड येतील असं ऊन, आणि आत हात घातला तर गारवा. संध्याकाळी कुहीचा व्यापारी येईपर्यंत मासळी अशीच राहते, लहानू म्हणाला, नाही तर या दिवसांत मेलेला मासा चिलीम ओढून होईपर्यंत वास मारतो. तुम्ही कारखान्यात मोठमोठी यंत्रं पाहता, तुम्हाला याचं काही वाटणार नाही. मला वाटलं. मी सायकलीच्या दुकानात आयुष्य काढलं आणि लाकडाच्या पेटीत अख्खी नदी मावते हे मला ठाऊक नव्हतं.

एवढं दाखवून लहानू जेवायला आणि नंतर बाभळीखाली लवंडायला गेला. मला सांगून गेला की बगळ्यांवर नजर ठेव आणि कशाला हात लावू नको. बगळ्यांवर मी नजर ठेवली. पण रिकामा माणूस किती वेळ बगळे पाहणार. मी पोती बाजूला केली, मरळीला पुन्हा एकदा पाहावं म्हणून वाकलो, आणि हौदाच्या बुडाशी मला भोकं दिसली. बोट जाईल एवढी गोल भोकं, थेट नदीत उघडणारी.

आता तुम्ही मला लहानपणापासून ओळखता. देवानं, म्हणजे देव आपल्याकडे नाही, पण ज्या कोणी मला हा धंदा दिला त्यानं मला एकच बुद्धी दिली, भोक दिसलं की बुजवायचं. त्यात समोरचा माणूस बापूजींच्या दोस्ताचा पोरगा, त्याची नाव फुटलेली, आणि तो बिचारा झोपलेला. माझ्या मनात त्याच्याबद्दल एवढी कणव दाटून आली की डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. पिशवीत सामान होतंच. (मी लग्नालाही पंक्चरचं सामान घेऊन जातो, हे वहिनी कधी विसरणार नाहीत.) ओल्या लाकडावर सोल्युशन धरणार नाही, म्हणून जुन्या ट्यूबच्या पट्ट्या काड्यांवर गुंडाळून मी घट्ट बुचं केली आणि एकेक भोकात ठोकून बसवली. असं काम, दादा, मी दुकानात गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतानाही केलेलं नाही. मग हात धुतले आणि लहानू उठून काय काय म्हणेल याचा विचार करत बसलो.

थोड्या वेळानं रोहू वर आले. तोंडं पाण्याबाहेर काढून उघडझाप करू लागले. मला वाटलं, भुकेले आहेत, म्हणून मी माझ्या शिदोरीतली भाकर चुरून टाकली. मग शिंगाळा वर आला. मग एक कतला आडवा झाला आणि आडवाच राहिला, आणि पोती काढलेली असल्यामुळे ऊन थेट हौदात पडत होतं, पाण्याला हात लावला तर अंघोळीला काढल्यासारखं. मी लहानूला हाका मारल्या. तो धावत आला, त्यानं हौदात पाहिलं, बुचं पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "काहून गा बळीराम, कोनाचं नाक दाबून राहिला तू?"

ती भोकं मुद्दाम पाडलेली होती. त्यातून नदी आत यायची आणि नदी बाहेर जायची, दिवसभर, नाव हलेल तशी. बाहेर जेवढं पाणी तेवढंच आत, त्याच्यावर एक बोटही नाही, आणि फळ्या लिंपलेल्या असल्यामुळे बाकीची नाव कोरडी. म्हणजे जगात अशी एक वस्तू आहे, दादा, जी भोकं आहेत म्हणून चालते आणि बुजवली की बिघडते. मी हे ऐकून वाळूवर बसलो. वाळू तापलेली होती म्हणून लगेच उठलो.

लहानूनं मला शिव्या दिल्या त्या तुम्हाला लिहून पाठवण्यासारख्या नाहीत, पोस्टात कोणी उघडलं तर घराण्याचं नाव जाईल. पण बुचं काढायला बसला तेव्हा ती निघेनात. आम्ही दोघांनी पक्कड लावली, नावेचे दोन छिलके निघाले, पण बूच हलेना. शेवटचं बूच काढताना लहानूच्या तोंडून निघून गेलं की काम मात्र पक्कं केलं गा. (हे वाक्य मी दुकानात पाटीवर लिहून लावणार होतो, प्रेमिलानं नको म्हटलं.) मेलेली मासळी त्याच्या घरच्यांनी मीठ लावून वाळत टाकली, आणि त्या भरपाईत मी ढिवरपाड्यातल्या एकूण एक सायकली उलट्या करून सरळ केल्या, ज्यांना चाकंच नव्हती त्याही.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. त्या हौदात सगळे गेले आणि मरळ राहिली. ती घाबरली नाही, धडपडली नाही. तळाशी पडून राहायची, आणि थोड्या थोड्या वेळानं हळूच वर यायची, पाण्याच्या वर नाक काढून हवेचा एक घोट घ्यायची, गुळ्ळ असा आवाज व्हायचा, आणि पुन्हा खाली. जणू पाणी बिघडलं तर बिघडलं, आपल्याला दुसरी सोय आहे. मासा हवा पितो. मी तिच्यासमोर उकिडवा बसून ते किती वेळ पाहिलं मला माहीत नाही. मला माय आठवली. शेवटच्या दिवसांत ती अशीच मधून मधून उठून बसायची, एक श्वास नीट घ्यायची आणि काही झालं नाही असं तोंड करून पुन्हा आडवी व्हायची.

लहानूनं मरळ मला तशीच दिली. म्हणाला, तुझ्या हातून जे वाचलं ते कोनाच्याही हातून मरत नाही, घेऊन जा बापूजीले. दुधाचा उंच डबा दिला, अर्धा नदीच्या पाण्यानं भरलेला. कुहीच्या बसमध्ये मी तो मांडीत घेऊन बसलो. पहिल्याच खड्ड्यात मासळीचं पाणी पुढच्या धोतरावर सांडलं, तेव्हा कंडक्टरनं फर्मावलं की झाकण घट्ट लावा नाही तर उतरा. मी झाकण लावलं. आतून धप्प आवाज आला. ती हवेसाठी वर येत होती आणि तिचं डोकं पत्र्याला लागत होतं. बसमध्ये दोन पक्ष पडले, एक धोतराच्या बाजूचा आणि एक मरळीच्या बाजूचा, आणि मरळीच्या पक्षाच्या पुढारी होत्या माझ्या शेजारच्या मनकर्णाबाई, कामठीला लेकीकडे निघालेल्या, मांडीवर पाण्यानं भरलेला कोरा माठ. "अरे तिचा जीव चालला, आन तुमी धोतर वाळवून राहिले," असं त्यांनी सगळ्या बसला सुनावलं. कंडक्टर ऐकेना. आणि तेव्हा, दादा, मी पिशवीतून आरी काढली आणि त्या झाकणाला भोकं पाडली. एक, मग दुसरं, मग चाळणीसारखी. आजपर्यंत या हातांनी नुसती बुजवलीच होती. आत गुळ्ळ असा आवाज झाला आणि अख्खी बस हसली, धोतरवाले सुद्धा.

तरी डबा तापत होता. पत्र्याला हात लागेना. मनकर्णाबाईंनी न विचारता माठातलं पाणी झाकणावर ओतलं, भोकांतून ते आत गेलं. मग ड्रायव्हरनं बस थांबवली. मला वाटलं, आता उतरवतो. त्यानं खिडकीबाहेर टांगलेली त्याची छागल काढली, ती कॅनव्हासची, थंडगार पाणी ठेवणारी, आणि तीही रिकामी केली. मग मागच्या बाकांवरून फिरकीचे तांबे पुढं आले. मे महिन्यात, नागपूरच्या वाटेवर, घसा कोरडा पडलेली माणसं आपल्या वाटचं पाणी कोणा अनोळखी म्हाताऱ्यासाठी चाललेल्या मासळीवर ओतत होती. मी त्यांना बापूजींबद्दल काही सांगितलंही नव्हतं, नंतर सांगितलं. मला त्या बसमध्ये भरून आलं ते आलं, मी ते लपवलं नाही.

घरी आल्यावर मरळ उंबऱ्यावर ठेवली. बापूजी स्वतः उठून आले. कल्ल्याजवळ बोट दाबलं. तिनं शेपटीनं त्यांच्या तोंडावर पाणी उडवलं. "आंबोऱ्याची," ते म्हणाले, आणि अंगणातच बसले. स्वयंपाक दुसऱ्या दिवशी करायचा ठरला, म्हणून रात्रीपुरती मरळ मी दुकानाच्या घमेल्यात ठेवली, ज्यात आपण ट्यूब बुडवून बुडबुडे पाहतो त्या. सकाळी विसरलो. पहिल्या गिऱ्हाइकाची ट्यूब बुडवली तर एकीकडून बुडबुडे, तिथं ठिगळ लावलं, पुन्हा बुडवली तर दुसरीकडून बुडबुडे. अशी ठिगळं लावत लावत मी त्या ट्यूबचं गोधडं करून ठेवलं, आणि मग ती वर आली, माझ्याकडे पाहून गुळ्ळ केलं आणि खाली गेली. गिऱ्हाईक अजून घाबरलेलं आहे.

घमेलं उन्हानं तापायला लागलं, म्हणून शेवटी तिला मी घरच्या कूलरच्या टाकीत सोडलं. (मागच्या साली भंगारातला पंखा घेऊन मीच ठोकलेला पत्र्याचा कूलर. आवाज बसपेक्षा जास्त.) आणि दादा, तो तर लहानूच्या नावेहून सरस निघाला. वरून वाळ्याच्या ताट्यांतून गार पाणी टपटप गळतं, खाली मरळ फिरते, पाणी सारखं हलतं, हवा सारखी येते. प्रेमिला म्हणते, घरात वाळ्याचा वास यायला पाहिजे त्याऐवजी नदीचा येतो. तिनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. पण बापूजींनी खाट भिंतीकडून कूलरकडे फिरवून घेतली. दुपारभर कुशीवर होऊन टाकीत पाहत असतात. तिच्यासाठी अंगणातल्या ओल्या जागेतून गांडुळं काढून आणतात, स्वतः, काठी न घेता. तिनं खाल्लं की स्वतः जेवायला मागतात. काल अख्खी भाकर आणि वर अर्धी. प्रेमिलानं मला खूण करून दाखवलं, आम्ही दोघं दाराआड उभे राहून एका म्हाताऱ्या माणसाचं जेवण पाहत होतो.

वाटण झालं होतं, विळी धुतली होती, पण मरळीचा बेत काही कारणानं पुढं ढकलला आहे. ते कारण एवढं महत्त्वाचं नाही. तुम्ही प्रकृतीला जपावं, उन्हात टोपी घालावी, वहिनींनी माठात पाणी भरून ठेवावं. इकडची काळजी करू नये. उत्तर सवडीनं लिहावं, किंवा न लिहिलं तरी चालेल.

तुमचा धाकटा,
बळीराम

ता. क. लहानू तुम्हाला कुठं भेटला तर त्याच्या नावेबद्दल विचारू नये. विचारलंच तर मी तुमचा भाऊ आहे हे सांगू नये.

ता. क. दुसरं. प्रेमिला विचारते की भिलाईला वाळ्याच्या चांगल्या ताट्या मिळतात का. मिळत असतील तर पाठवू मात्र नका, पोस्टात मोडतील. त्या हातानंच आणाव्या लागतात.

ता. क. तिसरं, आणि वहिनींनी हे पहिल्यांदा वाचलं असेल तर बरंच झालं. विळी धुतली त्या दिवशी बापूजी विचारते झाले, मुंडकं कोण खाईन? मरळीचं मुंडकं घरात नेहमी तुमच्या ताटात पडायचं, मला शेपूट. मी म्हटलं, मी खातो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीही तलावातला आहे. मग तुमचं नाव घेऊन म्हणाले, "देवराव येईपर्यंत राहू दे तिले." तेव्हापासून ती टाकीत आहे आणि ते वाट पाहत आहेत.

तुम्हाला लिहू नको असंही त्यांनी मला बजावलं आहे. पण परवा मी टाकीचं पाणी सगळं उपसून ताजं भरायला निघालो, तर माझा हात धरला. म्हणाले, "सगळं बदलू नको गा. अर्धं जुनं राहू दे. एकदम परकं पाणी भेटलं का जीव घाबरते तिचा, मंग ते पळायले पाहते. पाणी वाईट नसते, दादाले सांग." सांग म्हणाले आणि माझा हात सोडला. ते मरळीबद्दलच बोलत होते असं मी धरून चाललो आहे, पण सांगायला सांगितलं म्हणून सांगितलं.

ती मरळ चिवट आहे, दादा, पाऊस येईपर्यंत थांबेल. बापूजींचं मला सांगता येत नाही. हे पत्र मिळेल त्याच दिवशीची गाडी धरा.